स्वतःचं डोमेन वेब ॲपला जोडताना: आधी शोधा, उत्तर कोण देतंय

डोमेन विकत घेतलंय, ॲप होस्टिंगवर चालू आहे, आता दोन्ही जोडायचं आहे. नीट झालं तर अर्ध्या तासाचं काम. बिघडलं तर दोन दिवस जातात, आणि बहुतेक वेळा कारण एकच निघतं: ज्या पॅनलमध्ये बसून रेकॉर्ड (नाव कुठे न्यायचं ते सांगणाऱ्या नोंदी) बदलले, त्या पॅनलला इंटरनेटवर कोणी विचारतच नव्हतं. म्हणून या लेखात रेकॉर्ड भरण्याआधी थोडं थांबायचं आहे.

उदाहरणाला रत्नागिरीच्या एका बागायतदाराचं, आंब्याच्या पेट्यांची मागणी घेणारं छोटं ॲप धरू. जँगो या पायथनच्या चौकटीत लिहिलेलं आहे, रेंडर या होस्टिंगवर चढवलंय आणि सध्या हापूसपेटी.ऑनरेंडर.कॉम या आयत्या पत्त्यावर उघडतं. ते हापूसपेटी.इन या पत्त्यावर आणायचं. नाव मनाने घेतलेलं आहे, कृती खरी. पत्ते आणि आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. पॅनलमध्ये आणि टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडेच टाकायचे.

नेमसर्व्हर कोणाचे आहेत?

या कामात तीन वेगळे पक्ष असतात. ज्याच्याकडून नाव घेतलं तो रजिस्ट्रार. त्या नावाचे रेकॉर्ड जो सांभाळतो तो डीएनएस पुरवणारा; डीएनएस म्हणजे नावावरून यंत्राचा पत्ता (आयपी) सांगणारी यंत्रणा, आणि त्याचे जे सर्व्हर हे उत्तर देतात ते नेमसर्व्हर. आणि ज्याच्या यंत्रावर ॲप चालतं तो होस्ट. नवीन डोमेन घेतलं की पहिले दोन सहसा एकच असतात, म्हणून ते वेगळे आहेत हे लक्षातच येत नाही. पण कधीतरी कुणी नेमसर्व्हर क्लाउडफ्लेअर या डीएनएस पुरवणाऱ्याकडे वळवलेले असतात, किंवा जुन्या वेबसाइटच्या वेळी होस्टिंगवाल्याने स्वतःचे घालून ठेवलेले असतात. अशा वेळी रजिस्ट्रारच्या पॅनलमध्ये रेकॉर्ड भरायची सोय दिसत राहते, भरलेले रेकॉर्ड जतनही होतात, 'यशस्वीरीत्या बदललं' असा हिरवा पट्टाही येतो. बाहेर काहीच बदलत नाही.

म्हणून पहिली पायरी ही. मॅक किंवा लिनक्सवर टर्मिनल उघडून डिग (डीएनएसला विचारणारी आज्ञा), मग एनएस (नेमसर्व्हरचा रेकॉर्ड), मग डोमेनचं नाव आणि शेवटी प्लस शॉर्ट असं लिहा. विंडोजवर एनएसलुकअपला टाइप बरोबर एनएस असा पर्याय देऊन तेच विचारता येतं. दोन-चार नावं येतील. शेवटी एनएस.क्लाउडफ्लेअर.कॉम असलेली आली, तर रेकॉर्ड क्लाउडफ्लेअरच्या पॅनलमध्येच बदलायचे, बाकी कुठेही नाही. रजिस्ट्रारची आली तर रजिस्ट्रारकडे. ओळखीची नसलेली आली तर नावाच्या शेवटच्या भागावरून कंपनी शोधा आणि तिथलं लॉगिन मिळवा. लॉगिन कोणाकडेच नसेल तर नेमसर्व्हर बदलावे लागतील. त्याची खबरदारी पुढे आहे.

उत्तरात काहीच आलं नाही, तर डोमेनच थांबवलेलं असू शकतं. डॉट कॉमसारख्या नावांना नोंदणीच्या वेळी दिलेला ईमेल १५ दिवसांत पडताळावा लागतो. तो दुवा दाबायचा राहिला की रजिस्ट्रारला नाव स्थगित करावं लागतं. हूइजमध्ये, म्हणजे डोमेनची नोंद दाखवणाऱ्या सार्वजनिक शोधात, 'क्लायंट होल्ड' असं दिसलं तर रेकॉर्डशी झटापट करण्यात अर्थ नाही, आधी ते सोडवा.

डीएनएसच्या आधी होस्टकडे नोंद

बरेच जण आधी रेकॉर्ड बदलतात आणि मग होस्टच्या डॅशबोर्डवर जातात. क्रम उलटा ठेवा. रेंडर, व्हर्सेल, नेटलिफाय, हेरोकू, गिटहब पेजेस, सगळीकडे एकाच आयपीवर हजारो जणांची ॲप्स असतात. ब्राउझर त्या आयपीवर पोचतो आणि विनंतीतच सांगतो की मला हापूसपेटी.इन हवंय. त्या नावावरून होस्ट ठरवतो की कोणाचं ॲप दाखवायचं. नाव त्याच्या यादीत नसेल तर डीएनएस कितीही बरोबर असो, समोर ४०४ ('पान सापडलं नाही') येणार किंवा सर्टिफिकेटची, म्हणजे एचटीटीपीएसच्या ओळखपत्राची, चूक येणार. दुसरं कारण सुरक्षेचं आहे. तुमचं नाव त्या होस्टकडे वळलेलं आहे पण तिथे कोणीच त्यावर हक्क सांगितलेला नाही, अशा अवस्थेत दुसऱ्या कुणी स्वतःच्या खात्यात ते नाव जोडून घेण्याची शक्यता राहते.

रेंडरवर आपली सेवा उघडून सेटिंग्जमध्ये कस्टम डोमेन्स या भागात जा, ॲड कस्टम डोमेन दाबा आणि हापूसपेटी.इन लिहा. रेंडर त्यासोबत ट्रिपल डब्ल्यूचं नावही आपोआप जोडतो आणि ते मूळ नावाकडे वळवतो. ट्रिपल डब्ल्यूचं नाव आधी लिहिलंत तर उलट होतं: ते मुख्य ठरतं आणि मूळ नाव त्याच्याकडे वळतं. कोणतं मुख्य ठेवायचं हे इथेच ठरवा आणि नंतर त्यावर ठाम राहा. जोडल्यावर डॅशबोर्ड कोणते रेकॉर्ड घालायचे ते दाखवतो. कोणत्याही लेखातल्या आकड्यांपेक्षा, या लेखातल्यासुद्धा, डॅशबोर्डवर दिसणारे आकडे खरे माना. व्हर्सेलसारखे होस्ट आता प्रकल्पागणिक वेगळी मूल्यं देतात.

मूळ नावाला सीनेम का चालत नाही

सीनेम म्हणजे 'या नावाचं उत्तर त्या नावाकडे विचारा' अशी सूचना. ट्रिपल डब्ल्यूसाठी ती उत्तम: होस्टने उद्या आयपी बदलला तरी तुम्हाला काही करावं लागत नाही. पण डीएनएसचा नियम असा की ज्या नावावर सीनेम आहे त्या नावावर दुसरा कोणताही साधा रेकॉर्ड राहू शकत नाही. मूळ नावावर, म्हणजे नुसत्या हापूसपेटी.इनवर, एनएस आणि एसओए (डोमेनच्या रेकॉर्डची मूळ माहिती) हे दोन रेकॉर्ड असावेच लागतात. त्यामुळे तिथे सीनेम बसत नाही. काही पॅनल ते नाकारतात, काही गुपचूप घेतात. घेतलं की त्या नावावरच्या एमएक्स (ईमेल कुठे जायचा ते सांगणाऱ्या) रेकॉर्डचा भरवसा जातो आणि ईमेल अधूनमधून हरवायला लागतो. वेबसाइट नीट उघडत असल्यामुळे कोणाला संशयही येत नाही.

यावर तीन वाटा आहेत. होस्टने स्थिर आयपी दिला असेल तर ए रेकॉर्ड (नावाला थेट आयपी देणारा) घाला. डीएनएस पुरवणाऱ्याकडे ॲलियास किंवा एनेम नावाचा प्रकार असेल तर तो वापरा. क्लाउडफ्लेअरवर मूळ नावाला सीनेम लिहिलं तरी चालतं, कारण तो बाहेर उत्तर देताना स्वतःच त्याचा आयपी काढून देतो. अमेझॉनच्या रूट ५३ मध्येही ॲलियास असतो, पण तो अमेझॉनच्याच सेवांकडे आणि त्याच झोनमधल्या, म्हणजे त्याच डोमेनच्या रेकॉर्डमधल्या, नावांकडे वळतो. हेरोकू आयपी देतच नाही, फक्त हेरोकूडीएनएस.कॉमने संपणारं नाव देतो. तिथे पहिली वाट बंदच. गिटहब पेजेसला चार ए रेकॉर्ड लागतात, १८५.१९९.१०८.१५३ पासून १८५.१९९.१११.१५३ पर्यंत, तिसरा आकडा एकेकाने वाढवत.

प्रत्यक्ष रेकॉर्ड

आपल्या उदाहरणात दोनच ओळी भरायच्या आहेत.

पहिली: प्रकार ए, नाव @, मूल्य २१६.२४.५७.१, टीटीएल ३००.
दुसरी: प्रकार सीनेम, नाव ट्रिपल डब्ल्यू, मूल्य हापूसपेटी.ऑनरेंडर.कॉम, टीटीएल ३००.

@ म्हणजे मूळ नाव. टीटीएल म्हणजे हे उत्तर किती सेकंद जपून ठेवायचं ते. काही पॅनलमध्ये त्या जागी चौकट रिकामी ठेवावी लागते. दोन ओळी भरायला दोन मिनिटं लागतात. पण चुका याच दोन मिनिटांत होतात, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

नावाच्या चौकटीत पूर्ण पत्ता लिहू नका. बहुतेक पॅनल मागे डोमेन स्वतः जोडतात. तुम्ही ट्रिपल डब्ल्यू.हापूसपेटी.इन असं अख्खं लिहिलंत तर प्रत्यक्षात ट्रिपल डब्ल्यू.हापूसपेटी.इन.हापूसपेटी.इन या नावाचा रेकॉर्ड तयार होतो. शंका आली तर त्या दुहेरी नावाला डिग करून बघा. उत्तर आलं की चूक सापडली. मूल्याच्या चौकटीतही असाच घोळ होतो: काही जुनी पॅनल शेवटी टिंब नसेल तर मूल्याच्या मागेही डोमेन चिकटवतात. अशा पॅनलमध्ये ऑनरेंडर.कॉमनंतर एक टिंब द्या. आणि मूल्यात एचटीटीपीएस किंवा तिरकी रेघ कधीही नको. डीएनएसला फक्त नाव कळतं, पानाचा पत्ता नाही.

आधीपासून असलेले रेकॉर्ड काढा. नवीन डोमेनवर रजिस्ट्रारने स्वतःच्या जाहिरातीच्या पानाकडे जाणारा ए रेकॉर्ड घातलेला असतो. तो तसाच ठेवून नवा घातला तर एका नावाला दोन आयपी होतात, आणि ग्राहकांपैकी काहींना आंबे दिसतात, काहींना 'हे डोमेन पार्क केलेलं आहे' असं पान. रिफ्रेश केलं की कधी बरोबर येतं, कधी नाही. 'यूआरएल फॉरवर्डिंग' किंवा 'डोमेन फॉरवर्डिंग' अशी वेगळी सोय चालू असेल तर तीही बंद करा. पुष्कळ ठिकाणी ती आतून ए रेकॉर्डच घालते आणि यादीत मात्र दिसत नाही.

सगळ्यात चकवा देतो तो क्वाड-ए, म्हणजे आयपीव्ही६चा रेकॉर्ड. जुन्या होस्टिंगचा क्वाड-ए राहून गेला, तर घरच्या आयपीव्ही४ ब्रॉडबँडवर नवं ॲप उघडतं आणि मोबाइल डेटावर जुनीच साइट येते. जिओच्या मोबाइल नेटवर्कवर फोनला आयपीव्ही६ मिळतं आणि फोन आधी तोच रस्ता धरतो. 'माझ्या लॅपटॉपवर चालतंय, गिऱ्हाइकाच्या फोनवर नाही' अशी तक्रार आली की पहिल्यांदा क्वाड-ए तपासा. रेंडर कस्टम डोमेनसाठी आयपीव्ही४ वापरतो आणि क्वाड-ए काढून टाकायला स्पष्ट सांगतो. गिटहब पेजेससारखे होस्ट स्वतःचे क्वाड-ए देतात, तिथे जुने काढून त्यांचे घाला.

सीएए नावाचा रेकॉर्ड दिसला तर वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. या डोमेनसाठी कोणती संस्था सर्टिफिकेट देऊ शकते हे तो ठरवतो, आणि सप्टेंबर २०१७ पासून प्रत्येक संस्थेला तो पाहणं बंधनकारक आहे. यादीत होस्टची संस्था नसेल तर सर्टिफिकेट मिळणारच नाही. रेंडरसाठी लेट्सएन्क्रिप्ट.ऑर्ग आणि पीकेआय.गूग ही दोन्ही नावं लागतात. सीएए अजिबात नसेल तर कोणालाही परवानगी असते, त्यामुळे नसला तर मुद्दाम घालायची गरज नाही.

एमएक्स, आणि एसपीएफ-डीकेआयएमचे (ईमेल खरंच तुमचाच आहे हे पटवणारे) टीएक्सटी रेकॉर्ड यांना हात लावू नका. त्यांचा वेबसाइटशी संबंध नाही, पण ते गेले की ईमेल गेला.

नेमसर्व्हरच बदलायचे असतील तर

शक्यतो बदलू नका. दोन रेकॉर्डसाठी सगळा संसार हलवायची गरज नसते. पण लॉगिन हरवलंय किंवा ॲलियासची सोय हवी आहे म्हणून बदलावेच लागले, तर आधी नव्या ठिकाणी सगळे रेकॉर्ड पूर्ण भरा आणि मगच रजिस्ट्रारकडे नेमसर्व्हर बदला. क्लाउडफ्लेअर जुने रेकॉर्ड आपोआप वाचून आणतो, पण तो नेहमीच्या नावांचा अंदाज घेत असतो. डीकेआयएमचं नाव सिलेक्टर.अंडरस्कोर डोमेनकी अशा घाटाचं असतं, ते हमखास सुटतं. जुन्या पॅनलचा पूर्ण स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा.

डीएनएसेक (डीएनएसच्या उत्तरांवर डिजिटल सही करण्याची सोय) चालू असेल तर ते आधी रजिस्ट्रारकडे बंद करा, म्हणजे डीएस रेकॉर्ड काढा, एखादा दिवस जाऊ द्या आणि मग नेमसर्व्हर हलवा. डीएस जुना आणि नेमसर्व्हर नवे अशी अवस्था आली तर सह्या जुळत नाहीत आणि पडताळणी करणारे सर्व्हर 'सर्व्हफेल' म्हणून उत्तर नाकारतात. गुगलचा ८.८.८.८ आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ दोन्ही पडताळणी करतात; काही इंटरनेट कंपन्यांचे करत नाहीत. म्हणून पुन्हा तेच: निम्म्यांना दिसतं, निम्म्यांना नाही.

थांबायचं किती

'डीएनएस पसरायला ४८ तास लागतात' हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. पसरत काहीच नाही. अधिकृत नेमसर्व्हरवर बदल सहसा काही सेकंदांत ते मिनिटांत दिसतो. मधल्या सर्व्हरांनी जुनं उत्तर टीटीएलमध्ये लिहिलेल्या सेकंदांपुरतं जपून ठेवलेलं असतं, ते शिळं व्हायची वाट पाहायची असते. टीटीएल ३६०० असेल तर एक तास, १४४०० असेल तर चार, ८६४०० असेल तर पूर्ण दिवस. ४८ तासांचा आकडा नेमसर्व्हरच्या बदलातून आला असावा, कारण डॉट कॉमच्या नेमसर्व्हर-नोंदींचा टीटीएल १७२८०० सेकंद, म्हणजे बरोबर दोन दिवस आहे.

चालू साइट हलवायची असेल तर याचा फायदा घ्या. आदल्या दिवशी जुन्या रेकॉर्डचा टीटीएल ३०० करा, मूल्याला हात लावू नका. जुना टीटीएल उलटून गेला की मग मूल्य बदला. चूक झाली तरी पाच मिनिटांत मागे येता येतं. आठवडाभर सुरळीत चाललं की पुन्हा ३६०० करा.

एक सूक्ष्म गोष्ट: रेकॉर्ड घालण्याआधीच उत्सुकतेने पत्ता ब्राउझरमध्ये उघडून पाहू नका. 'असं नाव नाही' हे उत्तरसुद्धा जपून ठेवलं जातं, किती वेळ ते एसओए रेकॉर्डवरून ठरतं. मग रेकॉर्ड घातल्यावरही तुमच्याच घरात साइट उघडत नाही आणि बाकी जगाला दिसत असते.

तपासताना आधी थेट अधिकृत नेमसर्व्हरला विचारा: डिगमध्ये @ लावून त्या नेमसर्व्हरचं नाव द्या. तिथे उत्तर बरोबर असेल तर तुमचं काम झालंय, उरलंय ते थांबणं. तिथेच चूक असेल तर कितीही थांबून उपयोग नाही. मग @८.८.८.८ आणि @१.१.१.१ ला विचारा. शेवटी फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर उघडा. विंडोजची स्वतःची आठवण आयपीकॉन्फिगला फ्लशडीएनएस देऊन पुसता येते.

कुलूप

रेकॉर्ड जुळले की डॅशबोर्डवर व्हेरिफाय दाबा. होस्ट लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्थेकडून सर्टिफिकेट आणतो; एचटीटीपीएसचं कुलूप लागतं ते यानेच. काही मिनिटं लागतात. तोवर एचटीटीपीएसवर चूक दिसणं साहजिक आहे. अर्धा तास उलटूनही सर्टिफिकेट आलं नाही तर क्वाड-ए, दुसरा ए आणि सीएए या क्रमाने बघा. बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. लेट्स एन्क्रिप्ट एका खात्याला एका नावासाठी तासाला पाचच फसलेल्या पडताळण्या करू देतं. त्यापुढे चूक दुरुस्त केली तरी वाट बघावी लागते.

सर्टिफिकेट विकत घेऊन हाताने चढवायच्या फंदात पडू नका. १५ मार्च २०२६ पासून नव्या सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत २०० दिवस आहे आणि १५ मार्च २०२९ पासून ती ४७ दिवसांवर येईल असं ठरलेलं आहे. हाताने करण्याचं हे काम राहिलेलं नाही. होस्ट नूतनीकरण आपोआप करतो, पण तेव्हाही डीएनएस त्याच्याकडे वळलेलं असावं लागतं. तीन महिन्यांनी अचानक कुलूप तुटलं तर मधल्या काळात कोणी रेकॉर्ड बदलले का ते पाहा. डॉट डेव्ह किंवा डॉट ॲप नाव घेतलं असेल, तर ब्राउझर त्यांना एचटीटीपीएसशिवाय उघडतच नाहीत, तेव्हा सर्टिफिकेट येईपर्यंत साइट पूर्ण बंद दिसेल.

क्लाउडफ्लेअर वापरत असाल तर सुरुवातीला ढग करडा ठेवा, म्हणजे 'फक्त डीएनएस'. नारिंगी ढगात होस्टला तुमच्या नावाचा आयपी क्लाउडफ्लेअरचा दिसतो आणि पडताळणी अडू शकते. होस्टचं सर्टिफिकेट आल्यावर हवा तर नारिंगी करा, आणि एसएसएलचा प्रकार 'फुल' किंवा 'फुल स्ट्रिक्ट' ठेवा. 'फ्लेक्सिबल' ठेवलंत तर क्लाउडफ्लेअर होस्टकडे साध्या एचटीटीपीने जातो, होस्ट म्हणतो एचटीटीपीएसने या, क्लाउडफ्लेअर पुन्हा एचटीटीपीने जातो. ब्राउझर शेवटी 'टू मेनी रीडायरेक्ट्स' म्हणून हात टेकतो. ५२५ किंवा ५२६ हा आकडा दिसला तर क्लाउडफ्लेअर आणि होस्ट यांच्यातली एचटीटीपीएसची जोडणी किंवा सर्टिफिकेट बिघडलेलं आहे, तुमच्या ब्राउझरचा दोष नाही.

ॲपलाही नवं नाव सांगावं लागतं

डीएनएस बरोबर, कुलूप लागलेलं, आणि पानावर '४०० बॅड रिक्वेस्ट'. जँगोत हे होणारच, कारण अलाउड होस्ट्स या यादीत नसलेलं नाव तो नाकारतो. मूळ नाव, ट्रिपल डब्ल्यू आणि जुनं ऑनरेंडरचं, तिन्ही तिथे हवीत. यादीत एचटीटीपीएस लिहायचं नाही, नुसतं नाव. पण त्याच सेटिंग्जच्या फाइलमधल्या सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्समध्ये (फॉर्म कोणत्या पत्त्यांवरून स्वीकारायचा ती यादी) नेमकं उलट: जँगो ४.० पासून तिथे एचटीटीपीएससकट पूर्ण पत्ता लागतो. प्रॉक्सीमागच्या (होस्टच्या मधल्या सर्व्हरमागच्या) ॲपमध्ये हे राहिलं की पान नीट दिसतं, पण मागणीचा फॉर्म भरून 'पाठवा' दाबलं की ४०३ ('परवानगी नाही'). नुसतं पहिलं पान उघडून 'झालं' म्हणू नका. एक खरी मागणी नोंदवून बघा.

सिक्युअर एसएसएल रीडायरेक्ट चालू केलं असेल तर त्याच्या जोडीला सिक्युअर प्रॉक्सी एसएसएल हेडर हवा. होस्टच्या प्रॉक्सीपाशी एचटीटीपीएस संपतं आणि ॲपपर्यंत साधं एचटीटीपी येतं. एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हे हेडर वाचल्याशिवाय जँगोला ग्राहक सुरक्षित रस्त्याने आलाय हे कळत नाही आणि तो त्याला गोल गोल फिरवतो. एचएसटीएस (ब्राउझरला फक्त एचटीटीपीएसनेच यायला सांगणारी सूचना) पहिल्या दिवशी वर्षभराचं लावू नका. ३६०० सेकंदांनी सुरुवात करा. ब्राउझरने ते एकदा लक्षात ठेवलं की एचटीटीपीएस बंद पडलेलं असताना तुम्हाला ते दुरून पुसता येत नाही.

गुगलने लॉगिन करायची सोय असेल तर गुगल क्लाउड कन्सोलमध्ये नवा रीडायरेक्ट पत्ता जोडा. तो अक्षराला अक्षर जुळावा लागतो, शेवटची तिरकी रेघसुद्धा. नाहीतर 'रीडायरेक्ट यूआरआय मिसमॅच'. पेमेंट गेटवेकडे नोंदवलेली वेबसाइट आणि वेबहुकचा पत्ता (पैसे आल्याची सूचना गेटवे जिथे पाठवतो तो) दोन्ही बदला. वेबहुकच्या बाबतीत विशेष सावध राहा: जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ने (कायमच्या वळणाने) वळवलं, तरी पाठवणारा बहुधा वळणामागे जात नाही, किंवा गेला तर पोस्ट (माहिती पाठवणारी) विनंती गेट (नुसतं पान मागणारी) होऊन मजकूर गळतो. ग्राहकाचे पैसे कापले जातात आणि तुमच्या ॲपमध्ये मागणी 'पेमेंट बाकी' दिसत राहते. म्हणून आधी गेटवेकडे पत्ता बदला, एक रुपयाचा व्यवहार करून पाहा, आणि मगच ऑनरेंडरचा पत्ता बंद करा.

कुकी आणि ब्राउझरमधली साठवण पत्त्याशी बांधलेली असते. नव्या नावावर सगळे लॉगआउट झालेले असतील आणि ब्राउझरमध्ये ठेवलेली टोपली रिकामी दिसेल. हे टळत नाही, म्हणून वेळ नीट निवडा. आंब्याच्या धंद्यात गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया या दिवसांत हे काम काढू नका, जानेवारीत उरका.

डॉट भारत घेतलं असेल तर

देवनागरीतलं .भारत हे नाव २०१४ पासून मिळतं आणि मराठी नावही त्यात देवनागरीतच नोंदवता येतं. जोडण्याची कृती हीच, फक्त डीएनएसला देवनागरी कळत नाही. आतमध्ये त्याचं रोमन रूप जातं, जे एक्सएन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होतं. होस्टचा डॅशबोर्ड देवनागरी घेत नसेल तर ते रूप द्या. जँगोच्या अलाउड होस्ट्समध्येही तेच रूप लिहा, कारण ब्राउझर विनंतीत तेच पाठवतो. ईमेलसाठी मात्र सोबत एक रोमन डोमेन ठेवा, पुष्कळ फॉर्म देवनागरी ईमेल पत्ता अजून स्वीकारत नाहीत.

चालू झाल्यानंतर

डोमेन मालकाच्या ईमेलवर नोंदवा, ॲप करून देणाऱ्याच्या नाही. नूतनीकरणाच्या सूचना त्याच ईमेलवर येतात. परदेशी रजिस्ट्रारकडे 'ऑटो-रिन्यू' चालू ठेवून निश्चिंत राहू नका: रिझर्व्ह बँकेचे आवर्ती व्यवहारांचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाल्यावर भारतीय कार्डांवरून परदेशी कंपन्यांचे असे आपोआप होणारे व्यवहार वारंवार नाकारले जातात. दोन-तीन वर्षांचे पैसे एकदम भरणं सोपं. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांची नोंदणी करता येते. मुदतीची तारीख फोनच्या कॅलेंडरात महिनाभर आधीची घालून ठेवा.

आणि कधी ॲप बंद करायचं ठरलं, तर क्रम सुरुवातीच्या उलट: आधी डीएनएस रेकॉर्ड काढा, टीटीएल उलटू द्या, मग होस्टवरची सेवा मिटवा. सेवा मिटवली आणि सीनेम तसाच राहिला, तर तो मोकळा पत्ता दुसरा कोणी त्याच होस्टवर घेऊ शकतो, आणि तुमच्या नावावर, तुमच्या कुलपासकट, त्याचं पान उघडायला लागतं. चाचणीसाठी बनवलेल्या टेस्ट.हापूसपेटी.इनसारख्या उपनावांबाबत हे सगळ्यात जास्त घडतं, कारण ती कोणाच्या लक्षातच नसतात. वर्षातून एकदा रेकॉर्डची यादी उघडा, प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते विचारा, आणि जिचं उत्तर मिळत नाही तिची आधी नोंद करून ठेवा, मग ती पुसा.